पाणी पिऊन लिहिणारा माणूस

परवा पुण्याला मंडळाच्या दिवाणखान्यात त्यांची तसबीर लावली. हार घातला, उदबत्त्या लावल्या, आणि अध्यक्ष बोलायला उभे राहिले. म्हणाले, "ज्या गावचं पाणी आपण प्यायलो नाही त्या गावाबद्दल एक ओळ लिहायची नाही, हा त्यांचा बाणा होता. आमच्या मंडळाचाही तोच बाणा आहे." टाळ्या पडल्या. मी मागं बसलो होतो आणि माझ्या अंगाची लाही लाही होत होती. नंतर कुणीतरी येऊन माझ्या कानाशी लागलं, "तुम्ही त्यांचे सोलापूरचे सहकारी ना? चार शब्द बोला की." मी उठलो, जोडे घातले आणि तडक स्टेशनावर आलो. तिथं उभं राहून बोललो असतो तर चार शब्दांवर भागलं नसतं, आणि जे बोललो असतो ते बायकामाणसांत बोलण्यासारखं नव्हतं.

बाणा म्हणे! त्याच बाण्यापायी माणूस संपला, आणि ज्यांनी संपवला तेच आता त्याला हार घालतात. राग येणार नाही तर काय होईल?

मंडळ म्हणजे लोकांच्या प्रश्नांचा अभ्यास करून सरकारला सल्ला देणारी संस्था. शेती, पाणी, घरं, हातमाग, जकात, म्हणाल त्या विषयावर सल्ला तयार. पुण्यात पुस्तकं आणि पंखे, आणि जिल्ह्याजिल्ह्यात नेमलेला एकेक जाणकार. जाणकारानं उन्हातान्हात हिंडायचं, बघायचं, टिपण लिहून पुण्याला धाडायचं; पुण्यानं त्याला इंग्रजी पोशाख चढवून सरकारदरबारी पाठवायचं. सोलापूर जिल्ह्याचे जाणकार हे आमचे गृहस्थ. मी त्यांचा टायपिस्ट, हमाल, टांगेवाल्याशी भांडणारा आणि त्यांच्या शिव्या खाणारा. तीस साली सोलापुरात लष्करी कायदा आला, त्याच्या आधीची ती दोन-चार वर्षं.

कचेरी म्हणजे एका लुगड्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. उन्हाळ्यात वरचा पत्रा असा तापायचा की टाईपरायटरच्या कळा बोटाला चटका द्यायच्या. तरी हा माणूस गळ्यापर्यंत बंद कोट घालून बसायचा, तोही खुर्चीवर नाही, खिडकीच्या कट्ट्यावर. खुर्चीत बसलं की माणूस दुसऱ्याला उभं करून विचारतो, असं त्यांचं म्हणणं. आलेला माणूस खुर्चीत बसायचा, हे कट्ट्यावर पाय हलवत त्याचं ऐकायचे. एकदा जिल्ह्याचा कुणी गोरा अंमलदार आला, त्यालाही तसंच खुर्चीत बसवलं आणि स्वतः कट्ट्यावर चढून पाय हलवत राहिले. 

भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता, तो उलटा टांगलेला. दक्षिण वर, उत्तर खाली. पहिल्या दिवशी मी चूक समजून तो सुलटा केला. त्यांनी तो खिळ्यावरून काढून पुन्हा उलटा लावला. मग म्हणाले, "पुण्यात बसून बघितलं की सोलापूर खाली दिसतं. खाली दिसलं की मनातही खालीच जातं. या खोलीत ते वर राहील." आता याच्यावर काय बोलणार? आलेला प्रत्येक माणूस मान वाकडी करून आपलं गाव शोधायचा.

शब्दांच्या बाबतीत तर नुसता जाच. टिपणात 'साधारणतः' असं कुठं टाईप झालं की अख्खा कागद टराटरा फाडायचे. "साधारणतः म्हणजे काय हो? मी साधारणतः जिवंत आहे का?" मी म्हणायचो, "अहो, पुण्याहून आलेल्या नमुन्यात तसंच आहे." ते म्हणायचे, "पुणं साधारणतः शहाणं आहे. आपण नक्की असू." मग मी सगळा कागद पुन्हा बडवायचा. बोटं माझी मोडायची आणि वर टोमणे मीच ऐकायचे.

आणि पाणी. गावावर टिपण लिहायचं तर त्या गावी जायचं आणि घराघरांत पाणी मागायचं, ही त्यांची रीत. आडाचं नाही, नदीचंही नाही. घरातलं. बाईनं आपल्या हातानं आणून दिलेलं. "आडातलं पाणी तपासायला रसायनवाला आहे," म्हणायचे. "माणूस आडातलं पीत नाही, घरातलं पितो. ते बघायचं." डोळे मिटून एक घोट तोंडात धरून ठेवायचे, मग गिळायचे, आणि सांगायचे. गोड, सपक, तुरट, मचूळ. पाणी देताना बाई दोन गोष्टी बोलते, त्या दोन गोष्टींसाठी कुठल्याही साहेबाचा पंचनामा ओवाळून टाकावा, असंही म्हणायचे. पण आगाऊ कळवल्याशिवाय कुणाच्या दारात जायचे नाहीत. आदल्या दिवशी सांगावा गेलाच पाहिजे. "बाईमाणूस कामात असतं. अचानक जाऊन उभं राहायला आपण काय फौजदार आहोत?" त्यांची ही सभ्यता मला तेव्हा फार आवडायची. आता तिची आठवण झाली तरी डोकं फिरतं.

एकदा आम्ही पुण्याला निघालो होतो. गाडी केमला थांबली. यांना आठवलं की पुढचं टिपण करमाळ्याकडचं आहे. स्टेशनमास्तर बिचारा आपल्या माठातलं पाणी घेऊन आला, तर म्हणतात, "हे रेल्वेचं झालं. मला केमचं पाहिजे." आणि डब्यात काढून ठेवलेल्या वहाणा तशाच टाकून अनवाणी गावाकडे चालते झाले. मी खिडकीतून हाका मारतोय, गार्ड शिट्टी फुंकतोय, आणि गाडी सुटली. मी, दोन ट्रंका आणि त्यांच्या वहाणा असे पुण्याला पोचलो. अध्यक्षांसमोर मी एकटा, आणि हातात काय, तर वहाणा! दुसऱ्या दिवशी स्वारी कुणाच्यातरी पायताणात आली आणि आल्याआल्या म्हणते, "सांगावा धाडून रात्र देवळात काढली, सकाळी प्यायलो. केमचं पाणी चांगलं आहे. म्हातारी बोलकी होती." मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

त्या वेळी अध्यक्ष हसले होते, कारण या विक्षिप्तपणाचा मंडळाला फायदा होत होता. "आमचा माणूस पाणी पिऊन लिहितो" असं मुंबईपर्यंत सांगायचे. पाहुण्यांपुढं यांना उभं करायचे. वाघ पाळल्याचा डौल असतो ना एखाद्याला, तसा.

पण गावात? गावात त्यांना 'बाटगा' म्हणायचे. हा माणूस जन्मानं ब्राह्मण, आणि पाणी प्यायला महारवाड्यातही तसाच बसायचा. आमच्या ओळखीचे एक वकील होते, सुधारक म्हणून मिरवणारे. त्यांच्याकडच्या लग्नात पंगत बसली, तर यांचं पान वेगळं, मागच्या दाराशी. मला दिसलं आणि माझा पारा चढला. मी ताटावरून उठलो, त्यांच्याजवळ जाऊन म्हणालो, "चला इथून." ते शांतपणे जेवत होते. म्हणाले, "अहो, जिलबी इकडंही तीच आहे की. बसा." मी बसलो. मठ्ठा वाढायला कुणी आलं नाही. वकीलसाहेब लांबून नमस्कार करून गेले. त्या वकीलसाहेबांना लक्षात ठेवा.

आता ती वस्तीची गोष्ट.

गावातली विणकरांची पेठ फार दाट होती. घरात माग, मागाशेजारी चूल, चुलीशेजारी रंगाची भांडी, दारात तुंबलेलं गटार. पटकीची साथ आली की पहिल्यांदा तिथं माणसं दगावायची. म्हणून सरकारनं गावातल्या मातब्बर मंडळींची एक समिती नेमली आणि समितीनं ठरवलं, की विणकरांना अक्कलकोटच्या वाटेवरच्या माळावर नवी घरं द्यायची. हवा चांगली, जागा ऐसपैस. प्रश्न एकच होता, पाण्याचा. प्यायला तर हवंच, पण सूत रंगवायलाही पाणी गोडं लागतं. खाऱ्या पाण्यात रंग धरत नाही, लुगड्यावर डाग डाग उठतात. समितीनं मंडळाला मत विचारलं. मंडळानं यांना सांगितलं.

माळावर जुनी दहावीस घरांची वस्ती होती. लिंगायत आणि धनगर. घरात कन्नड, बाहेर मराठी. यांनी रीतीप्रमाणे सांगावा धाडला, दुसऱ्या दिवशी गेले, घराघरांत पाणी प्यायले. परत आले ते खुशीत. टिपणात लिहिलं, पाणी गोड, भरपूर. 'साधारणतः' नाही, 'बहुधा' नाही. मी टाईप केलं, पुण्याला गेलं, पुण्याहून समितीकडे गेलं.

विणकर काही आनंदानं जायला तयार नव्हते. त्यांचे पंच राजय्या म्हणून होते, तेलुगू माणूस, करड्या मिशांचा, रंगानं कोपरापर्यंत निळे हात. ते कचेरीत आले, खुर्चीत बसले, कट्ट्यावर बसलेल्या यांच्याकडे वळले.

"साहेब, तुमी सोता पिऊन बगितलं?"

"प्रत्येक घरात."

"गोड हाय?"

"गोड आहे."

"मग आमी जातो," राजय्या म्हणाले. "त्या समितीवाल्यावर नाही. तुमच्यावर जातो."

ते जिना उतरून गेल्यावर हे खिडकीतून बाहेर बघत होते. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाले, "काही नाही. एवढं ओझं कधी कुणी दिलं नव्हतं."

मग छत्रीचं निमित्त झालं. हे आपली छत्री माळावरच्या वस्तीत विसरून आले होते. बऱ्याच दिवसांनी पलीकडच्या एका गावाचं काम आटपून आम्ही छकड्यातून परत येत होतो. भर दुपार. म्हणाले, "थांबवा, छत्री घेऊ." अक्का म्हणून वस्तीतली वडीलधारी बाई, तिच्या घरी छत्री राहिली होती. घराला कडी. सगळी वस्ती रानात. ऊन मी म्हणत होतं आणि यांना तहान लागली. आडावर पोहरा पडला होता. आयुष्यात पहिल्यांदा या माणसानं दुसऱ्याच्या गावात आपल्या हातानं पाणी शेंदलं.

ओंजळीत घेतलं, घोट तोंडात धरला, डोळे मिटले. मी वाट बघतोय, आता सांगतील. सांगितलं नाही. फार वेळानं गिळलं. मी हात पुढं केला, "बघू, मलाही द्या." त्यांनी पोहरा पालथा केला.

"तुम्हाला काय करायचंय? लिहिलंय मी."

तेवढ्यात डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली अक्का आली. भारा टाकून लगबगीनं पुढं.

"अय्यो, साहेब! सांगावा न्हाय, काय न्हाय! बर्री, बर्री, या, सावलीला बसा की."

"अक्का, हे पाणी कसलं?"

"आडाचं की."

"आणि मला त्या दिवशी दिलंत ते?"

"ते व्हय? ते मळ्यातल्या हिरीचं. लई लांब हाय. सून पहाटंच उठून आणली."

"मी तुम्हाला विचारलं होतं, हे पाणी कुठलं म्हणून. तुम्ही म्हणालात, इथलंच."

"म्हनले की." अक्काला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "पावण्याला सांगत्यात व्हय, तुमच्यासाटी लांबनं आणलं म्हणून? पाणी पाजायचं का उपकार दाखवायचं?"

"सगळ्या घरांनी तेच केलं?"

"मग? पावणा काय माज्या एकटीच्या घरला आला व्हता?" मग त्यांचा चेहरा बघून जरा घाबरून म्हणाली, "आमाला ह्ये मचूळ चालतंय, साहेब. सवय हाय. मळेवाला रोज कुटं देतोय? सणाला, न्हायतर पावणा आला तर दोन घागरी न्ह्या म्हनतो."

हे आडाच्या काठावर बसले.   अक्का आत जाऊन छत्री घेऊन आली, त्यांच्या शेजारी ठेवली. आम्ही निघालो तेव्हा छत्री पुन्हा तिथंच राहिली.

छकड्यात म्हणाले, "मी सगळ्या जिल्ह्यात सांगावा धाडत हिंडलो. म्हणजे मी जिल्ह्याचं पाणी प्यायलोच नाही. जिल्ह्याचा पाहुणचार प्यायलो." मी म्हटलं, "अहो, असं कसं, सगळीकडं काही..." ते म्हणाले, "साधारणतः बोलू नका."

दुसऱ्याच दिवशी आम्ही पुण्याला. अध्यक्ष पंख्याखाली बसले होते. यांनी उभ्याउभ्याच सांगितलं, टिपण चुकलंय, मागं घ्या. अध्यक्षांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"तुम्ही एका घोटावर लिहिलंत, आणि आता एका घोटावर मोडता?"

"हो."

"मंडळाचा शब्द सरकारकडे गेलाय. उद्या लोक म्हणतील, यांच्या बाकीच्या टिपणांवर तरी विश्वास का ठेवायचा?"

"ठेवू नये. मी सगळी परत तपासणार आहे."

अध्यक्ष हसले. त्या हसण्याची आठवण झाली की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. "या मंडळात तुमच्याइतकं कुणी चुकलेलं नाही, असं तुम्ही मला लिहून द्याल काय?"

"देतो की. कुठं सही करू?"

मग अध्यक्षांनी मधला मार्ग काढला. मंडळाला नेहमीच मधला मार्ग सापडतो. समितीनं स्वतः माळावर जाऊन पाणी पिऊन बघावं, आपणही येऊ. यांचं तोंड उजळलं. मीही म्हटलं, सुटलो. प्यायल्यावर कोण नाही म्हणेल?

परतीच्या गाडीत मी त्यांना बजावलं. "हे बघा, या वेळी सांगावा धाडायचा नाही. अचानक न्यायचं सगळ्यांना."

"पाचसात परकी माणसं घेऊन बाईच्या दारात अचानक उभं राहायचं? शोभतं का?"

"अहो, शोभण्याचं काय घेऊन बसलात? राजय्याची पोरंबाळं त्या आडाचं पाणी पिणार आहेत!"

"मी स्वतः जाऊन अक्काला समजावून सांगतो. ती शहाणी आहे."

मी हात जोडले, भांडलो, शेवटी ओरडलो. डब्यातली माणसं बघायला लागली. नाही म्हणजे नाही. ते गेले, अक्काला सगळं समजावून सांगितलं. विणकर येणार आहेत, त्यांचा रंग, त्यांची मुलं. अक्का म्हणाली, "व्हय, व्हय, आडाचंच देतो की." हे निर्धास्त. आणि इथं माझा त्यांच्यावरचा राग आहे, तो त्यांच्या तसबिरीला हार घालूनही जाणार नाही. एकदा ठेचकाळलेला माणूस त्याच दगडाशी वाट वाकडी न करता पुन्हा जातो, तर त्याला काय म्हणायचं?

समिती आली. आमचे ते वकीलसाहेब तिच्यात होतेच. पुण्याहून अध्यक्ष आले. राजय्या आणि चार विणकर लांब उभे राहिले. वस्ती सारवून लख्ख केलेली, दारादारांत रांगोळी, अंथरलेली घोंगडी, चिंचेनं घासलेले पितळी तांबे. ते तांबे बघूनच मी कपाळावर हात मारला. अध्यक्षांनी मोठ्या डौलात तांब्या उचलला, आमचाही बाणा तोच म्हणाले, आणि प्यायले.

"वा! अमृत."

वकीलसाहेबही प्यायले. यांनी घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

"अक्का!"

अक्का दाराआड उभी होती. तिचा पदर तोंडात. "काय करू, साहेब? तुमच्या घरचं पावणं. एवढं मोटं लोक. त्यांच्या म्होरं मचूळ पाणी ठिवलं तर मान तुमची खाली जाईल की! मला जमलं न्हाय. सुनंला म्हनलं, आडाचं भर. तिचाबी हात उचलंना." आणि बाई रडायला लागली.

हे उठले. आडाकडे धावले म्हटलं तरी चालेल. पोहरा सोडला, शेंदला, आणि पाणी सांडत तसाच घेऊन समितीसमोर आले. कोट भिजलेला. "हे प्या. हे पाणी आहे. ते तुमचं स्वागत होतं. हे पाणी आहे!"

वकीलसाहेबांनी पोहऱ्याकडे बघितलं. काळा पडलेला, काठ चेपलेला, सगळ्या वस्तीच्या हातचा. विचारलं, "या आडावर कोण कोण भरतं?"

"सगळे. वेशीपलीकडचे महारसुद्धा. प्या!"

एकेकाचा हात मागं गेला. कुणी धोतराचा सोगा सावरला, कुणी घड्याळ बघितलं. एकजण म्हणाला, ऊन फार झालंय. मी अध्यक्षांच्या तोंडाकडे बघत होतो. ते तरी पुढं होतील, निदान बाण्यासाठी. अध्यक्षांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि समितीकडे वळून म्हणाले, "आमच्या माणसाला अलीकडे फार श्रम झालेत. पाणी आपण प्यायलोच आहोत."

प्यायलोच आहोत! घरात बसून पितळी तांब्यातून. मेल्याहो, त्या पोहऱ्याला एक ओठ लावला असता तर चारशे मागांचं गाव वाचलं असतं. मी हे तिथंच ओरडलो, शब्दाशब्दानं. कुणी वळून बघितलं नाही. मोटारी धूळ उडवत गेल्या.

राजय्या जवळ आले. यांच्या हातातून पोहरा घेतला, प्यायले, खाली ठेवला. एक शब्द बोलले नाहीत. तो न बोललेला शब्द यांना आयुष्यभर पुरला.

विणकर माळावर गेले. जायलाच लागलं, पेठेतली घरं पाडली होती. पुढं काय झालं ते ज्याला बघायचंय त्यानं जाऊन बघावं. बायका घागरी घेऊन मळ्याच्या वाटेवर, मळेवाला काठी घेऊन बांधावर. लुगड्यांना डाग पडू लागले तसे दुकानदार माल परत करू लागले. कितीतरी जण माग विकून मुंबईच्या गिरण्यांत गेले. मंडळाच्या कपाटात मात्र अजून लिहिलंय, पाणी गोड, भरपूर. खाली यांचं नाव.

यांनी मंडळ सोडलं. नकाशा खिळ्यावरून काढला, गुंडाळून माझ्या हातात दिला, आणि माळावर नव्या वस्तीत राजय्याच्या शेजारची खोली घेऊन राहिले. विणकरांचे अर्ज लिहायचे, गोड्या पाण्याचा नळ मागत कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे. तेच साहेब, जे पूर्वी यांच्या टिपणासाठी खुर्ची सोडायचे, आता यांना बाहेर उभं करायचे. अक्का अधूनमधून भाकरी आणून द्यायची. दोघं त्या दिवसाबद्दल कधी बोलत नसत, असं तिनंच मला सांगितलं.

मी एका गिरणीत नोकरी धरली होती. शेवटचा भेटायला गेलो तो सांगावा न धाडता, मुद्दाम. दुपार होती. माणूस वाळून कोळ झाला होता, पोटाच्या दुखण्यानं. बंद कोट मात्र तसाच. मला बघितलं आणि डोळे चमकले. "बसा, बसा. दमून आलात." कोनाड्यातला झाकलेला तांब्या काढला, फुलपात्रात पाणी ओतलं, माझ्यापुढं केलं. मी प्यायलो.

गोड.

"हे कुठलं?"

"इथलंच."

माझं डोकं असं सणकलं की फुलपात्र मी आपटलंच. "अहो, तुम्हीसुद्धा? एवढं सगळं होऊन तुम्हीसुद्धा? कुणी आणलं हे? मळ्यापर्यंत या पायांनी गेलात?"

"ओरडू नका. कुणी आलंच तर घरात असावं म्हणून ठेवतो." आणि मग अगदी अक्काच्या सुरात म्हणाले, "पाहुण्याला मचूळ देववत नाही हो. खरंच देववत नाही. मी करून बघितलं."

कोपऱ्यात मातीचा माठ होता, त्यांचा रोजचा. मी उठलो. "ते माझं आहे," ते म्हणाले, "तुम्ही नका." मी ऐकलं नाही. ओगराळं बुडवलं आणि भरून प्यायलो. मिठागरात तोंड बुडवल्यासारखं झालं, घोट खाली उतरेना, डोळ्यांत पाणी आलं. हे पाणी तो माणूस वर्षानुवर्षं पीत होता, आणि राजय्याची नातवंडं दारात खेळत होती तीही हेच पीत होती. मी ओगराळं रिकामं केलं.

ते खिडकीच्या कट्ट्यावर बसून माझ्याकडे बघत होते.

"गिळलंत?"

"गिळलं."

"मग आता तुम्ही लिहा," ते म्हणाले.